प्रतिपिंडाची साक्ष

ईआरसीसी-१ हे मानवी पेशीतील डीएनएची दुरुस्ती करणारे प्रथिन आहे, आणि ते कोणीही डोळ्यांनी पाहिलेले नाही. प्रयोगशाळेत दिसतो तो फक्त एक रंग: ऊतीच्या पातळ कापावर, पेशीच्या केंद्रकात उमटलेला तपकिरी डाग, किंवा फिल्मवर उठलेला काळा पट्टा. हा रंग प्रतिपिंडामुळे येतो आणि त्यावरून संशोधक म्हणतो की या पेशीत ते प्रथिन आहे. रंग आला नाही तर म्हणतो, नाही. दोन्ही विधाने रोजच्या कामात इतक्या सहज केली जातात की ती अनुमाने आहेत, प्रत्यक्ष पाहणी नव्हे, याचा विसर पडतो. ‘आहे’ हे विधान कोणत्या अटींवर ज्ञान ठरते, ‘नाही’ हे कोणत्या अटींवर, आणि चुकीच्या कारणावरून केलेले विधान खरे निघाले तर त्याला ज्ञान म्हणायचे का, हे प्रमाणशास्त्राचे जुने प्रश्न आहेत. न्याय, मीमांसा आणि बौद्ध परंपरांनी त्यांवर शतकानुशतके वाद घातला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संशोधनात ‘८एफ१’ या नावाच्या प्रतिपिंडाचे २००६ ते २०१३ या काळात जे घडले त्यात हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहिले, आणि कोणत्या रुग्णाला कोणते औषध द्यावे हे त्यांच्या उत्तरावर ठरणार होते.

डीएनएला इजा होणे ही पेशीच्या आयुष्यातली रोजची गोष्ट आहे. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी साखळीतले शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. काही रसायनेही साखळीला असाच बाक आणतात. बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना काप देऊन सुमारे तीस न्यूक्लिओटाइडांचा तुकडा काढून टाकायचा आणि समोरच्या शाबूत साखळीवरून ती जागा भरून घ्यायची, अशी एक यंत्रणा पेशीत असते. तिची रासायनिक उकल अझीझ सँकार यांनी केली. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना टॉमस लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासह मिळाले ते डीएनए-दुरुस्तीच्या अशाच उकलींसाठी. दोन कापांपैकी एक काप ईआरसीसी-१ आणि एक्सपीएफ या प्रथिनांची जोडी देते. कापण्याची शक्ती एक्सपीएफमध्ये आहे. ईआरसीसी-१ स्वतः कापत नाही, पण ते जोडीदाराला डीएनएवर नेमक्या जागी धरते, आणि ते नसेल तर एक्सपीएफही पेशीत टिकत नाही. २९७ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचे जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संशोधकांनी ते १९८४ साली वेगळे केले. मानवाचे डीएनए-दुरुस्तीचे वेगळे केलेले हे पहिलेच जनुक. उंदरात हे जनुक निकामी केले तर पिले यकृत बिघडून, अंगावरचे दूध सुटण्याच्या आतच मरतात.

सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध डीएनएतील शेजारच्या ग्वानिनांना एकमेकांशी बांधून टाकते. गाठीतली पेशी ही इजा दुरुस्त करू शकली नाही तर मरते, करू शकली तर वाचते आणि औषध वाया जाते. उलट्या, मूत्रपिंडावरचा ताण, कानात आवाज येणे, ऐकू कमी येणे हे त्रास मात्र रुग्णाच्या वाट्याला येतातच. तेव्हा गाठीत ईआरसीसी-१ आहे की नाही हे आधीच कळले तर औषध कोणाला द्यावे हे ठरवता येईल, हा विचार तर्कशुद्ध होता. अडचण एवढीच की ते कळायचे कसे.

त्यासाठी प्रतिपिंड लागतो. शरीरात शिरलेल्या परक्या रेणूला ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ साली प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्करोगाची पेशी यांचा संकर घडवला. अशा एका संकरित पेशीच्या सगळ्या वंशजांकडून एकाच प्रकारचा प्रतिपिंड मिळत राहतो. ८एफ१ हा या पद्धतीने, मानवी ईआरसीसी-१ उंदराला टोचून मिळवलेला प्रतिपिंड. तो संपूर्ण प्रथिन ओळखत नाही. प्रथिनाच्या पृष्ठभागावरची काही थोड्या अमिनो आम्लांची एक छोटी जागा तो ओळखतो आणि तिथे बसतो. त्याच्यावर दुसरा प्रतिपिंड बसवतात, दुसऱ्यावर एक विकर जोडलेले असते आणि ते विकर रंगहीन द्रव्याचे तपकिरी कणांत रूपांतर करते. म्हणजे प्रथिन आणि पाहणाऱ्याचा डोळा यांच्यामध्ये किमान चार दुवे आहेत. डोळ्याला दिसतो तो शेवटचा.

न्यायशास्त्राच्या मांडणीत हे अनुमान असे उभे राहते. ही पेशी पक्ष, ईआरसीसी-१ चे असणे साध्य, तपकिरी डाग हेतू. डोंगर, अग्नी आणि धूर या नेहमीच्या उदाहरणाचीच ही जात आहे. अनुमानाचा सगळा भार व्याप्तीवर असतो: जिथे जिथे हा डाग, तिथे तिथे ते प्रथिन. ही व्याप्ती कशी कळते, या प्रश्नावर चार्वाकांनी बोट ठेवले होते. शंभर स्वयंपाकघरांत धूर आणि अग्नी बरोबर दिसले तरी एकशेएकाव्या ठिकाणी ते तसेच असतील याची हमी कशावरून? हा आक्षेप नैयायिकांनी झटकून टाकला नाही. अन्वय पाहावा आणि व्यतिरेकही पाहावा, असे त्यांचे उत्तर होते. हेतू आहे तिथे साध्य आहे हे पाहणे म्हणजे अन्वय. साध्य नाही तिथे हेतूही नाही हे पाहणे म्हणजे व्यतिरेक. अण्णंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हे थोडक्यात सांगितले आहे, यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची १८९७ ची मुंबई आवृत्ती हातात घेऊन अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी ते अभ्यासले. व्यतिरेकाचे दृष्टांत म्हणून तळ्यासारख्या जागा दिल्या जातात, जिथे अग्नी नाही आणि धूरही नाही.

प्रतिपिंडाच्या बाबतीत अन्वय स्वस्त आणि व्यतिरेक महाग असतो. जिथे ईआरसीसी-१ आहे अशा पेशी कुठेही मिळतात. त्यांवर डाग उठतो आणि समाधान होते. पण त्या डागाने काही सिद्ध होत नाही, कारण त्याच पेशीत इतर हजारो प्रथिनेही आहेत आणि डाग त्यांपैकी कोणाचाही असू शकतो. खरी कसोटी म्हणजे बाकी सगळे जसेच्या तसे ठेवून फक्त ईआरसीसी-१ काढून टाकलेली पेशी. तिच्यावर डाग उठला तर व्याप्ती तिथेच मोडते. आज जनुक-संपादनाने अशी पेशी तयार करता येते. ८एफ१ वापरात आला त्या काळात ते इतके सोपे नव्हते, आणि बहुतेकांनी व्यतिरेकाशिवायच काम चालवले. हा आळस होता असे म्हणणे अन्याय होईल. साधने नव्हती हे खरे. पण साधन नसल्यामुळे व्याप्तीची जागा विश्वासाने घेतली हेही तितकेच खरे.

२००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर सिस्प्लॅटिन द्यावे का हे तपासणाऱ्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या ७६१ रुग्णांच्या गाठी ८एफ१ ने रंगवल्या होत्या. ३३५ गाठींत, म्हणजे ४४ टक्क्यांत, प्रथिन ‘आहे’ असे ठरले आणि ४२६ गाठींत ‘नाही’. ‘नाही’ गटातल्या रुग्णांना सिस्प्लॅटिनने लाभ झाला; औषध न घेतलेल्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसला. ‘आहे’ गटात लाभ दिसला नाही. सिद्धांत आणि निरीक्षण इतके नेटके जुळले की हा अभ्यास झपाट्याने जगभर पोचला. ईआरसीसी-१ पाहून उपचार ठरवणाऱ्या चाचण्यांची आखणी सुरू झाली.

मग एकामागून एक तीन गोष्टी उघडकीस आल्या, आणि प्रत्येक गोष्टीने अनुमानाचे वेगळे अंग मोडले.

पहिली गोष्ट हेतूची. पिट्सबर्गमधील संशोधकांनी २००९ साली निरनिराळे प्रतिपिंड ही दुरुस्ती-जोडी नसलेल्या किंवा जवळजवळ नसलेल्या पेशींवर ताडून पाहिले. ८एफ१ केंद्रकातल्या आणखी एका रेणूला चिकटतो असे त्यांना आढळले. तो दुसरा रेणू कोणता हे २०१४ साली कळले. पेशीच्या पटलासाठी लागणारे एक स्निग्ध द्रव्य बनवण्याच्या साखळीतले ते एक विकर निघाले. त्याचा डीएनए-दुरुस्तीशी काही संबंध नाही. साध्याचा अभाव असलेल्या जागीही जो हेतू आढळतो त्याला न्यायात सव्यभिचार किंवा अनैकांतिक म्हणतात, आणि हेत्वाभासांच्या यादीत त्याचा क्रमांक पहिला लागतो. इथे तो अगदी निखळ रूपात समोर येतो. ही चूक लपून राहिली याचे कारण पद्धतीत आहे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिने आकारमानानुसार वेगळी होतात, त्यामुळे परका रेणू वेगळ्या उंचीवरचा पट्टा म्हणून उघडा पडू शकतो. ऊतीच्या कापात असे काही होत नाही. दोन्ही रेणूंचे रंग एकाच केंद्रकात, एकमेकांत मिसळून पडतात.

दुसरी गोष्ट साध्याची. २०१३ साली त्याच नियतकालिकात, २००६ च्या अभ्यासाशी जोडलेल्या संशोधकांनीच दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. ईआरसीसी-१ च्या जनुकापासून पेशी थोडीथोडी वेगळी अशी चार रूपे बनवते. त्यांपैकी एकच रूप सिस्प्लॅटिनची इजा दुरुस्त करण्यास समर्थ आहे. बाजारात मिळणारे १६ प्रतिपिंड त्यांनी तपासले. एकालाही समर्थ रूप बाकीच्यांपासून वेगळे ओळखता आले नाही. म्हणजे एखादा प्रतिपिंड फक्त ईआरसीसी-१ लाच चिकटत असला, त्याची व्याप्ती निर्दोष असली, तरी त्यातून सिद्ध होणारी गोष्ट आणि हवी असलेली गोष्ट वेगवेगळ्या आहेत. सिद्ध होते ते प्रथिनाचे असणे. हवी असते ती दुरुस्तीची क्षमता. हेतू खरा असूनही तो अभिप्रेत साध्याऐवजी दुसरेच काही सिद्ध करतो या दोषाला नैयायिक अर्थांतर म्हणतात. सव्यभिचारापेक्षा हा दोष जास्त फसवा आहे, कारण इथे सगळ्या कसोट्या पार पडतात आणि तरी निष्कर्ष हातचा जातो.

तिसरी गोष्ट हेतूच्या ओळखीची. २०१३ च्या अभ्यासात दुसऱ्या दोन चाचण्यांमधल्या ४९४ रुग्णांच्या गाठी रंगवून २००६ चा निष्कर्ष पडताळला गेला. तो टिकला नाही. मग मूळ चाचणीतल्या ५८९ रुग्णांचे नमुने पुन्हा रंगवले, तेव्हा आधीचे आणि आताचे निकालही एकमेकांशी जुळेनात. मधल्या वर्षांत ८एफ१ ची वागणूकच बदलली असावी, असे संशोधकांनी लिहिले. कुपीवरचे नाव तेच होते आणि बॅच वेगळ्या होत्या. ‘हा तोच’ या प्रत्यभिज्ञेच्या बळावर वस्तू टिकून राहते असे नैयायिक म्हणत. त्यावर बौद्धांचे उत्तर होते की कापल्यावर पुन्हा वाढलेली नखे आणि केसही ‘तेच’ वाटतात. नाव आणि ओळखीची भावना यांवरून वस्तूचे ऐक्य मानायचे नाही, हा बौद्धांचा आग्रह या जागी निःसंशय योग्य ठरतो. एका बॅचवर तपासलेली व्याप्ती दुसऱ्या बॅचला आपोआप लागू होत नाही.

या तीन दोषांपेक्षाही खोल प्रश्न अभावाचा आहे, आणि या प्रकरणातला सगळ्यात गंभीर भाग तोच. सिस्प्लॅटिन ज्यांना उपयोगी पडेल असे वाटले ते रुग्ण ‘नाही’ गटातले होते. म्हणजे औषध द्यायचे ते डाग न दिसल्याच्या आधारावर. न दिसणे हे नसण्याचे प्रमाण होऊ शकते का? मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे स्वतंत्र, सहावे प्रमाण मानले: जमिनीवर घट नाही हे ज्ञान घट न दिसण्यातूनच होते आणि दुसऱ्या कोणत्याही प्रमाणाच्या आवाक्यात ते येत नाही. प्राभाकरांनी, म्हणजे मीमांसेतल्याच दुसऱ्या पंथाने, असे प्रमाण नाकारले. नैयायिकांनी अभाव हा पदार्थ मानला, पण त्याचे ज्ञान इंद्रियांनीच होते असे म्हटले. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने अनुपलब्धीला हेतूचा एक प्रकार मानून अनुमानात बसवले. मतभेद असे टोकाचे असूनही एका अटीवर हे पक्ष एकत्र येतात, आणि ती अट पाहून आजही थक्क व्हायला होते. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच तिचे न दिसणे बोलके ठरते. मीमांसक आणि नैयायिक हिला योग्यानुपलब्धी म्हणतात, धर्मकीर्ती दृश्यानुपलब्धी. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे होत नाही. पिशाच दिसत नाही म्हणून पिशाच नाही असेही या मार्गाने सिद्ध होत नाही, कारण ते असते तरी दिसले असते असे म्हणता येत नाही.

रुग्णाच्या गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात, कधी कधी तो वर्षानुवर्षे कपाटात राहतो. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते. प्रतिपिंडाने ओळखायची छोटीशी जागा त्यात झाकली जाऊ शकते. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडायला उशीर झाला, कापलेली स्लाइड फार दिवस उघडी राहिली, प्रतिपिंड जास्त पातळ केला गेला, तरी डाग उठत नाही. यातल्या प्रत्येक वेळी प्रथिन आहे आणि दिसत नाही. म्हणून जाणकार पॅथॉलॉजिस्ट आधी त्याच कापातल्या निरोगी पेशींकडे पाहतो: गाठीच्या आधाराच्या ऊतीत, रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरात डाग उठला आहे का? उठला असेल तर त्या कापावर ते प्रथिन दिसण्याजोगे आहे, आणि गाठीतल्या पेशींचे कोरेपण अर्थपूर्ण ठरते. उठला नसेल तर तो काप मुका आहे, त्यावरून ‘आहे’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही. तो मोजणीतून वगळावा लागतो. कोरा काप ‘नाही’च्या रकान्यात टाकला तर एका माणसाच्या उपचाराचा निर्णय योग्यता न तपासलेल्या अनुपलब्धीवर घेतला जातो.

आता तिसरा प्रश्न, जो सर्वांत अवघड आहे. २००६ च्या अभ्यासात लाभ दिसला होता. डाग काही अंशी परक्या विकराचा होता, तरी ‘नाही’ गटातल्या रुग्णांचे प्रत्यक्षात बरे झालेले दिसले. मग हेतू सदोष होता म्हणून ते ज्ञान नव्हते असे म्हणायचे का? आठव्या शतकात धर्मोत्तराने, धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणविनिश्चया’वर टीका लिहिताना, असाच एक प्रसंग कल्पिला. मांस भाजण्यासाठी नुकताच अग्नी पेटवला आहे, धूर अजून झालेला नाही, पण मांसावर किड्यांचा थवा घोंगावतो आहे. लांबून पाहणारा त्या थव्याला धूर समजतो आणि तिथे अग्नी आहे असे अनुमान करतो. अग्नी आहेच. तरी त्याला ते कळले असे धर्मोत्तर म्हणत नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्या’त हेच हत्यार नैयायिकांच्या प्रमेच्या, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या, व्याख्येवर चालवले: झाकलेल्या मुठीत किती कवड्या आहेत हे कोणी अंदाजाने ‘पाच’ असे सांगितले आणि त्या पाचच निघाल्या, तर वस्तू जशी आहे तसाच हा अनुभव झाला; मग ही प्रमा का नाही? पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हा प्रश्न एडमंड गेटियर यांच्या १९६३ च्या तीन पानी लेखाने गाजला.

धर्मकीर्तीने स्वतः यापेक्षा सूक्ष्म भेद केला होता. एक माणूस रत्नाच्या प्रभेला रत्न समजून धावतो, दुसरा दिव्याच्या प्रभेला. दोघांचेही ज्ञान भ्रांत आहे, कारण प्रभा म्हणजे रत्न नव्हे. पण पहिल्याला रत्न मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. पुढे विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त याच दृष्टांतावर संवादी भ्रम ही कल्पना उपासनेच्या संदर्भात मांडली गेली: भ्रम खरा, पण फळापर्यंत नेणारा. धर्मकीर्तीचा धागा पुढे नेला तर किड्यांचा थवा आणि रत्नाची प्रभा यांतला फरक स्पष्ट होतो. रत्नाची प्रभा रत्नातूनच निघते, त्या दोघांत खरा प्रतिबंध, म्हणजे अतूट संबंध, आहे, म्हणून ती उद्याही रत्नाकडेच नेईल. थव्याचा अग्नीशी तसा संबंध नाही. दुसऱ्या दिवशी तो नुसत्या कुजलेल्या मांसावरही असेल.

८एफ१ चा डाग प्रभा होता की थवा? प्रामाणिक उत्तर असे की तो दोन्हींचे मिश्रण होता. प्रतिपिंड ईआरसीसी-१ ला चिकटत होताच, आणि तेवढ्या अंशी डाग त्या प्रथिनातूनच आला होता. उरलेला अंश परक्या विकराचा. फुप्फुसाच्या आणि डोके-मानेच्या कर्करोगात त्या विकराच्या प्रमाणाचाही रुग्णाच्या जगण्याशी संबंध असल्याचे २०१४ च्या संशोधनात दिसले. कोणत्या गाठीत कोणता अंश किती हे डागावरून कळण्याचा मार्ग नव्हता. काही जण म्हणतील की रेणू कोणताही असो, डागाने उपचार बरोबर ठरत असेल तर तेवढे पुरे. हे मत उतावळे आहे. पहिल्या रुग्णगटात मिळालेले यश पुढच्या गटात मिळेलच असे म्हणायचे तर डाग आणि फळ यांना जोडणारा संबंध माहीत असावा लागतो, आणि तोच इथे माहीत नव्हता. म्हणून बॅच बदलल्यावर, रुग्ण बदलल्यावर निष्कर्ष निसटला. ब्रिटनमध्ये ईआरसीसी-१ च्या आधारे प्लॅटिनम-औषधांची निवड करता येते का हे तपासणारी मोठी चाचणी झाली; २०१७ मध्ये तिचे निकाल आले, त्यांतही अशा निवडीला आधार मिळाला नाही.

ज्ञानाचे प्रामाण्य स्वतः असते की परतः, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला वादही इथे नव्याने वाचण्यासारखा आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान उपजताच प्रमाण असते आणि बाधक पुढे आल्यावरच ते सोडावे लागते. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य वेगळे तपासावे लागते, आणि त्याची कसोटी म्हणजे प्रवृत्तीचे साफल्य: पाणी समजून गेल्यावर तहान भागली तर ते ज्ञान खरे. प्रयोगशाळा बहुतेक वेळ मीमांसकासारखी वागते. कुपीवरच्या चिठ्ठीत प्रतिपिंड अमुक प्रथिन ओळखतो असे लिहिलेले असते आणि बाधक दिसेपर्यंत ते मानले जाते. तसे मानल्याशिवाय काम पुढे सरकणारही नाही. पण बाधक शोधायलाच कोणी गेले नाही तर तो दिसणार कसा, हा नैयायिकांचा आक्षेप इथे वजनदार ठरतो. त्याच वेळी त्यांची स्वतःची कसोटीही अपुरी असल्याचे या प्रकरणाने दाखवले. २००६ साली प्रवृत्ती सफल झाली होती. तहान भागली, पण कशाने भागली ते कळले नव्हते.

चिठ्ठीवरचे वाक्य हे शब्दप्रमाण आहे, आणि न्यायसूत्रांच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्ताची जी अट घातली ती त्याला लावता येते. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. विक्रेत्याचा मोठेपणा किंवा प्रबंधांची संख्या या अटीत बसत नाही. विक्रेत्याने व्यतिरेकाची परीक्षा स्वतः केली आहे का आणि तिचे चित्र जसेच्या तसे दाखवले आहे का, एवढेच विचारायचे. शिवाय एकाच संकरित पेशीचा प्रतिपिंड अनेक विक्रेते आपापल्या नावाने विकतात. दोन कुप्यांचे निकाल जुळले म्हणून दोन साक्षीदार जुळले असे समजणाऱ्याला एकाच साक्षीदाराने दोनदा साक्ष दिलेली असू शकते.

गेल्या काही वर्षांत संशोधकांनी या प्रश्नाला जी उत्तरे दिली ती प्रमाणशास्त्राच्या वाटेनेच जातात. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी मागणी केली की प्रतिपिंड त्यांच्या जनुकीय क्रमाने ओळखले जावेत आणि त्या क्रमावरून पुनःपुन्हा तयार केले जावेत. बॅचच्या ओळखीचा प्रश्न त्यातून सुटतो, कारण ऐक्याचा आधार कुपीवरच्या नावाऐवजी रेणूच्या रचनेत येतो. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने प्रतिपिंड पडताळण्याचे पाच मार्ग मांडले. त्यांत पहिला व्यतिरेकाचा: जनुक काढून टाकावे किंवा शांत करावे आणि डाग जातो का पाहावे. दुसरा, प्रतिपिंडाचा वापरच नसलेल्या वेगळ्या पद्धतीने तेच प्रथिन मोजून ताळा करण्याचा. २०२३ साली पुढे आलेल्या एका मोठ्या पाहणीत ६५ प्रथिनांवरचे ६१४ विक्रीचे प्रतिपिंड नॉकआउट, म्हणजे ते जनुक काढून टाकलेल्या, पेशींवर तपासले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक किमान एका वापरात नापास झाले. आपले लक्ष्य ओळखतच नसलेल्या प्रतिपिंडाची आकडेवारी छापलेले सरासरी सुमारे बारा शोधनिबंध प्रत्येक प्रथिनामागे आढळले. कित्येक प्रतिपिंड एका पद्धतीत उत्तम आणि दुसऱ्या पद्धतीत निरुपयोगी निघाले, कारण पद्धत बदलली की प्रथिनाचा आकार बदलतो आणि ओळखायची जागा उघडते किंवा मिटते. व्याप्ती प्रतिपिंडाची नसते, विशिष्ट वापरातल्या प्रतिपिंडाची असते. वापर हा तिचा उपाधी, म्हणजे ती ज्यावर अवलंबून असते ती अट, आहे, जसे अग्नीवरून धुराचे अनुमान करताना ओले सरपण हा उपाधी.

शंका कुठवर घ्यायची, हा प्रश्न उरतो. जनुक काढलेल्या पेशीतही दुसरे काही नकळत बदलले असेल. प्रयोगशाळेतली पेशी आणि रुग्णाची फॉर्मॅलिनमधली ऊती एकसारखी नाही. यादी न संपणारी आहे. उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’त याला उत्तर दिले ते व्याघाताचे: शंका घेणाऱ्याचे स्वतःचे वागणेच जिथे तिच्या विरुद्ध जाते तिथे शंका थांबते. अग्नीविषयी शंका घेणारा धुरासाठी अग्नीच पेटवतो. हे उत्तर दैनंदिन जीवनाला पुरेसे आहे. उपचाराच्या निर्णयात त्याला एक जोड हवी. डॉक्टरने चिठ्ठी लिहिली की त्याच्या शंकेचा शेवट झाला, मग ती मनात असो वा नसो. आणि त्या शेवटाचा भार डॉक्टरवर पडत नाही, रुग्णावर पडतो. म्हणून इथे शंकेची मर्यादा व्याघाताने ठरवून चालत नाही. निर्णय चुकला तर रुग्णाचे किती नुकसान होईल, तो निर्णय परतवता येईल का, यावरून ती ठरवावी लागते. वेस्टर्न ब्लॉटवरचा एक संशोधन-निष्कर्ष आणि एका माणसाचे सिस्प्लॅटिन यांना एकच मापाचा पुरावा पुरेसा मानणे हा ज्ञानाचा दोष आहेच, नीतीचाही आहे.

दुरुस्तीची क्षमता थेट पाहण्याचा एक मार्ग दुसऱ्या प्रथिनाच्या बाबतीत पुढे आला आहे. डीएनएच्या दोन्ही साखळ्या तुटल्या की आरएडी-५१ हे प्रथिन तुटलेल्या जागी गोळा होते आणि प्रतिपिंडाने रंगवल्यावर केंद्रकात ठिपके दिसतात. स्तन आणि बीजाशयाच्या कर्करोगात हे ठिपके न दिसणे म्हणजे ही दुरुस्ती बंद आहे, आणि ती बंद असलेल्या गाठींवर काही विशिष्ट औषधे चालण्याचा संभव जास्त. इथेही निर्णय अभावावर उभा आहे. फरक असा की ही तपासणी करणारे आधी त्याच नमुन्यातल्या पेशींत इजेचे चिन्ह असलेले गॅमा-एच-टू-एएक्स रंगवून इजा झालेली आहे याची खात्री करतात. मग जेमिनिन हे प्रथिन रंगवून, पेशीचक्राच्या ज्या अवस्थेत ही दुरुस्ती होऊ शकते त्याच अवस्थेतल्या पेशी निवडतात, आणि ठिपके फक्त त्यांच्यातच मोजतात. इजाच नसलेली किंवा त्या अवस्थेत नसलेली पेशी कोरी दिसली तर ती मोजणीत धरली जात नाही, कारण दुरुस्ती शाबूत असती तरी तिच्यात ठिपके दिसले नसते.